अहवाल ‘मर्यादेत’, मासे मेलेले: मग मोजायचं काय आणि मागायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. शिरोळ तालुक्यात पंचगंगेवर तुमच्या मच्छिमार संस्थेचा ठेका आहे. दर उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला मेलेल्या माशांचा खच पडतो. यंदा प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं आली, दुपारी साडेबाराला नमुना घेऊन गेली. अहवालात पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) 8.1, विरघळलेला ऑक्सिजन 5.2, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) 4.8, अमोनिकल नायट्रोजन 2.6, तापमान 29 अंश, आणि खाली शेरा: मत्स्यजीवनासाठीच्या निकषांत. तुम्ही विचारता, पाणी निकषांत होतं तर मासे मेले कशाने, आणि आता लेखी मागायचं तरी काय?

मी पाणी तपासणीच्या धंद्यात आहे, प्रयोगशाळेत आणि नदीकाठी दोन्हीकडे. पहिली गोष्ट, अहवाल खोटाच असणार असं धरून भांडायला जाऊ नका. आकडे बहुधा खरे आहेत, आणि तरीही मासे पाण्यामुळेच मेले असू शकतात. नियम पाणी कधी आणि कुठे मोजतो आणि मासा कधी आणि कुठे मरतो, यांचा एकमेकांशी मेळ नाही, खरी अडचण ही आहे. (पाण्यातल्या ऑक्सिजन, बीओडी, अमोनिया, क्लोरीन यांचे सगळे आकडे, वरचेही, लिटरला मिलिग्रॅममध्ये आहेत.)

निकष म्हणजे नेमकं काय ते बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांचे वापरानुसार वर्ग पाडलेत. त्यातला ‘ड’ वर्ग वन्यजीव आणि मासे यांच्यासाठी. त्यात तीनच अटी आहेत: पीएच 6.5 ते 8.5, विरघळलेला ऑक्सिजन 4 किंवा जास्त, मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबात 1.2 किंवा कमी. बीओडी त्यात नाहीच. गंमत अशी, की देशातले ‘प्रदूषित नदीपट्टे’ ठरवताना बघतात ते मुख्यतः बीओडी. 3 च्या वर गेला की पट्टा यादीत. 2018 च्या यादीत 351 पट्टे होते, त्यातले 53 महाराष्ट्रातले. म्हणजे तुमचं पाणी एका यादीनुसार प्रदूषित आणि दुसऱ्या कोष्टकानुसार माशांना योग्य, असं एकाच दिवशी होऊ शकतं.

आता ऑक्सिजन. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे पाणी थांबतं, वरून सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद येत राहतं, आणि पाणी हिरवं होतं. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री आपणच तो खातं. तळाचा गाळ तर चोवीस तास खात असतो. त्यामुळे ऑक्सिजन दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वात वर असतो आणि सूर्य उगवायच्या आधी तळाला जातो. साडेबारा म्हणजे चढाची वेळ. आपल्याकडच्या उंचीवर 29 अंशाच्या स्वच्छ पाण्यात साधारण सव्वासात ऑक्सिजन मावतो. हिरव्या पाण्यात भर दुपारी तो त्याच्याही वर जायला हवा. तुमच्याकडे साडेबाराला 5.2 च होता. मंडळाच्या कोष्टकात हा आकडा पास आहे. पण मला तो वाचून पहिली शंका आली ती पहाटेची: पहाटे पाचला तिथे 2 तरी होता का? मोजल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण माझा अंदाज ‘नव्हता’ असाच आहे. पाण्यावर जलपर्णी दाट असेल तर चित्र आणखी वेगळं. तिच्याखाली ऊन जात नाही, शेवाळ फारसं वाढत नाही, आणि ऑक्सिजन दिवसाही वर येत नाही.

अमोनियाची गोष्ट याच्या नेमकी उलटी, आणि तुमच्या अहवालातला सर्वात बोलका आकडा तोच आहे. अमोनिकल नायट्रोजन 2.6 म्हणजे दोन रूपांची बेरीज. एक अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही. दुसरं मुक्त अमोनिया, जे कल्ल्यांतून सरळ आत शिरतं. एकूणपैकी मुक्त किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. 29 अंशाला पीएच 8.1 असताना साधारण साडेआठ टक्के मुक्त असतं. म्हणजे तुमच्या नमुन्यात 0.22. आता शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढत जातो. संध्याकाळी चार-पाचला अशा डोहात पीएच 8.8 मिळणं नवलाचं नाही. तेव्हा तेच 2.6 तसंच राहतं, पण मुक्त भाग जवळजवळ एक तृतीयांश होतो, म्हणजे 0.83. बाहेरून एक थेंबही नवा न येता विष चौपट झालं.

थोडक्यात, माशाला संध्याकाळी अमोनिया गाठतो आणि त्याच रात्री पहाटे ऑक्सिजन दगा देतो. कल्ले आधीच सुजलेले असताना श्वास तोकडा पडतो. एकेकट्याने कदाचित मारला नसता असा मासा दोन्ही मिळून मरतो. आणि सरकारी नमुना बरोबर या दोन वेळांच्या मधे घेतला जातो. यात कुणाचा कट नसतो. कार्यालय दहाला उघडतं, गाडी निघते, बाराला नदीवर पोहोचते, एवढंच.

बरं, संध्याकाळचे 0.83 सुद्धा आपल्या 1.2 च्या आतच आहेत! म्हणून मी म्हणतो की चूक मोजणीच्या वेळेत आहे तशी मर्यादेतही आहे. तुलनेला युरोप घ्या. तिथे 1978 साली माशांच्या गोड्या पाण्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला, 2006 मध्ये तो सुधारणांसह नव्याने एकत्र मांडला, आणि 2013 पासून तो 2000 च्या व्यापक जल-आराखड्यात विरला. त्यात पाण्याचे दोन गट होते: सामन-ट्राउटचं थंड पाणी आणि कार्प कुळाचं कोमट पाणी. आपले रोहू, कटला, मृगल या दुसऱ्या कुळातले. दोन्ही गटांना मुक्त अमोनियाची बंधनकारक मर्यादा होती 0.025. दिवसा थोडी शिखरं चालतील अशी सूट होती, पण मूळ आकडा तो. आपली मर्यादा त्याच्या चाळीस-पन्नास पट सैल आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2013 मध्ये वेगळी वाट धरली: एकच आकडा न देता पीएच आणि तापमानानुसार बदलणारं कोष्टक दिलं. पीएच 7 आणि 20 अंशाला एकूण अमोनिया-नायट्रोजन थोड्या काळासाठी 17, दीर्घकाळासाठी 1.9, पीएच चढला की आकडा झपाट्याने खाली. आणि तिथे मर्यादा खाली ओढली ती माशांनी नाही, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांनी. ते माशांहून नाजूक निघाले.

युरोपचं सगळं उचलून इकडे आणावं असं मात्र मी म्हणणार नाही. कार्पच्या पाण्यात निम्मे नमुने 7 च्या वर हवेत अशी त्यांची ऑक्सिजनची अट होती. आपल्या मे महिन्याच्या गरम पाण्यात मुळात मावतो तेवढाच जेमतेम, त्यामुळे ती अट इथे अन्यायाची ठरेल. उचलावी अशी गोष्ट त्यांच्या नमुन्याच्या अटीत होती: नमुना त्या दिवसाच्या कमी ऑक्सिजनच्या वेळेचा असावा, आणि दिवसभरात मोठा चढउतार होत असल्याची शंका असेल तर एकाच दिवशी किमान दोन नमुने घ्यावेत. शिवाय ऑक्सिजन 4 च्या खाली गेला तर कारण शोधणं हे सरकारचं काम होतं, मच्छिमाराचं नाही. आपल्याकडेही आकडा 4 च आहे. पुढचं वाक्य मात्र नाही.

आता पाणी येतं कुठून. तुम्ही ‘कारखान्याने मळी सोडली असेल का’ असंही विचारलंय. असू शकतं. आसवनीच्या (अल्कोहोल कारखान्याच्या) मळीचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो, त्यामुळे एखादा टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तरी डोहातला ऑक्सिजन बसतो. पण दर वर्षी, त्याच महिन्यांत, त्याच ठिकाणी होत असेल तर मी आधी रोजच्या, परवानगी असलेल्या पाण्याकडे बघतो. तुमच्या वर कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन शहरं आहेत, कापड प्रक्रिया उद्योग आहे, नदीकाठची गावं आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण कोष्टकात नदीत सोडायच्या सांडपाण्याला अमोनिकल नायट्रोजन 50 पर्यंत चालतं. शहरांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी 2017 मध्ये जी मानकं आली त्यात पीएच, बीओडी, तरंगते कण आणि मैलाजंतू एवढंच आहे, अमोनियाचा रकानाच नाही. त्यामुळे प्रक्रिया केंद्र सगळ्या अटी पाळूनही माशांना मारणारं पाणी सोडू शकतं, आणि कागदावर कुणीच दोषी नसतं.

हिशेब करून बघा. समजा दिवसाला 1 कोटी लिटर पाणी 50 अमोनियाने सुटतंय. म्हणजे रोज 500 किलो. नदीत 70 क्युसेक (सेकंदाला 70 घनफूट) प्रवाह असेल तर तो दिवसाला साधारण 17 कोटी लिटर भरतो, आणि मिसळल्यावर अमोनिया 2.8 च्या आसपास येतो. तुमच्या 2.6 च्या किती जवळ आहे बघा. (हा योगायोग समजा, पुरावा नाही.) एप्रिलमध्ये प्रवाह 20 क्युसेकवर आला की तेच 500 किलो 8.5 होतात. सांडपाणी बदललं नाही, त्याची प्रत बदलली नाही, फक्त नदी बारीक झाली. म्हणून संमतीपत्रात (सांडपाणी सोडायच्या मंडळाच्या परवान्यात) नुसती तीव्रता लिहून भागत नाही. रोज किती किलो, आणि नदी अमुक प्रवाहाच्या खाली गेली तर किती किलो, हे लिहिलं पाहिजे. माझ्या मते मासे वाचवायचा एकच नियम बदलायची मुभा असेल तर तो हा बदलावा.

जाता जाता क्लोरीन. जंतूंचा आकडा खाली आणायला प्रक्रिया केंद्राच्या शेवटच्या टाकीत क्लोरीन मारतात. सर्वसाधारण कोष्टकात उरलेल्या क्लोरीनची मर्यादा 1 आहे, युरोपच्या मासे-निर्देशात होती 0.005. नाल्याच्या तोंडाजवळच मासे मरतात आणि खाली काही नाही, असं असेल तर हे तपासून घ्या.

आणि बंधारा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घातले की मागे फुगवटा तयार होतो. वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं तसंच थंड राहतं, आणि दोन्ही नीट मिसळत नाहीत. तळाला काळा गाळ, ऑक्सिजन शून्य, कुजक्या अंड्याचा वास. खालचे बर्गे एकदम काढले तर आधी हेच पाणी बाहेर पडतं आणि खालच्या गावात मासे तरंगतात. धरणातून आवर्तन सुटलं तरी पहिले काही तास तसंच होतं: नवं पाणी पुढे साचलेलं काळं पाणी ढकलत येतं. पहिल्या वळवानंतरचे मासेमृत्यू पुष्कळदा याच जातीचे. म्हणजे ज्या दिवशी नदीत पाणी ‘वाढतं’ त्याच दिवशी मासे मरतात आणि लोक चक्रावतात. हा भाग प्रदूषण मंडळाच्या हातात नाही, जलसंपदा विभागाच्या आहे, आणि तक्रारीचा कागद सहसा त्यांच्याकडे जातच नाही.

तुमच्याकडे यातलं नेमकं काय झालं हे मी इथून सांगू शकत नाही. पण मासे स्वतः बरंच सांगतात, म्हणून पुढच्या वेळी हे बघा. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत होते, मोठे कटले-रोहू आधी गेले, छोटे वाचले, आणि ऊन वर आल्यावर मरणं थांबलं, तर ऑक्सिजन. लहानमोठे सगळे एकदम, दिवसा, अंगाला झटके देत, वेडेवाकडे पोहत मेले तर कीटकनाशक किंवा दुसरं विष. मासे धरायला विष टाकणारेही आपल्या नद्यांवर आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइटची (नत्राच्या आणखी एका विषारी रूपाची) शंका घ्या. कल्ल्यांवर चिकट थर आणि मरणं दोन-तीन दिवस रेंगाळत राहिलेलं असेल तर अमोनियाकडे बघा. मरळ आणि मांगूर जिवंत आणि बाकी सगळे मेलेले, ही ऑक्सिजनची जवळजवळ सही आहे, कारण हे दोघे हवेतूनही श्वास घेतात. आणि कुणी डोहातली चिलापी दाखवून ‘बघा, मासे जिवंत आहेत की’ म्हणालं तर ऐकून घ्या, मान डोलवू नका. चिलापी जिथे जगते तिथे खवल्या महसीर जगेलच असं नाही.

मोजमाप स्वतः करायला फार खर्च नाही. संस्थेने एक पीएच मीटर घ्यावा, 7 आणि 9.2 च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) दर वेळी जुळवून. मत्स्यशेतीवाले वापरतात तो अमोनियाचा संच घ्यावा; तो एकूण अमोनिया दाखवतो, मुक्त किती ते पीएच-तापमानाच्या कोष्टकावरून काढायचं. जमल्यास ऑक्सिजन मीटर. मार्चपासून आठवड्यातून दोनदा, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेचार, वर एकदा आणि तळाजवळ एकदा, ठरलेल्या जागी. वही साधी असू द्या, पण तारीख, वेळ, मोजणाऱ्याची सही, वारा-ढग, बर्गे किती घातलेत, एवढं दर ओळीत यावं. प्रयोगशाळेला नमुना द्यायचा असेल तर ऑक्सिजनचा नमुना बाटलीत जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. मिनरल वॉटरच्या बाटलीतून मोटरसायकलवर नेलेल्या पाण्याचा ऑक्सिजन हा नदीचा नसतो, प्रवासाचा असतो. कीटकनाशकाची शंका असेल तर गडद काचेची बाटली, आणि मासा नुकता मेलेला, बर्फात ठेवून. पोट फुगून तरंगणारा मासा तपासणीच्या उपयोगाचा राहत नाही.

आता कायद्यात या वहीला किंमत किती? 1974 च्या जल कायद्यात कलम 21 प्रमाणे रीतसर नमुना मंडळाचा अधिकारीच घेतो: नोटीस देऊन, उद्योगाच्या प्रतिनिधीसमोर, सीलबंद. तुमची बाटली ती जागा घेऊ शकत नाही. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणावर पुरावा कायद्याचे नियम बंधनकारक नाहीत, त्यामुळे तिथे शिस्तीने ठेवलेली वही वजनदार ठरते. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. नुकसानभरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे, बाकी वादांना सहाच महिने, तेव्हा तारखा सांभाळा. जल कायद्यातच कलम 49 खाली 60 दिवसांची नोटीस देऊन नागरिकालाही फौजदारी न्यायालयात तक्रार करता येते. तो मार्ग लांबचा आहे, मी सहसा शेवटी ठेवतो.

अर्जात ‘नदी वाचवा’ असं लिहू नका. त्यावर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ हे उत्तर तयार असतं. नाकारता येणार नाही इतकं नेमकं मागा. मंडळाकडे मागा की एप्रिल-मे मध्ये किमान दोन वेळा संयुक्त पाहणीत पहाटे सहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतर नमुने घ्यावेत, आणि अहवालात मुक्त अमोनिया वेगळा काढून द्यावा. माहिती अधिकारात वरच्या केंद्रांची आणि उद्योगांची संमतीपत्रं मागा, प्रक्रिया न करता पाणी सोडलं त्या दिवसांच्या नोंदी मागा, ऑनलाइन मोजणी यंत्रांचा मासे मेले त्या आठवड्याचा तपशील मागा. सर्वसाधारण कोष्टकात जैवचाचणीची एक अट आहे: सांडपाण्यात काही न मिसळता 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगले पाहिजेत. या ओळीची आठवण फार कमी लोक करून देतात. उद्योगाच्या किंवा केंद्राच्या पाण्याची ही चाचणी शेवटची कधी झाली, आणि करताना पीएच किती होता, हे विचारा. 7.2 ला जगलेला मासा 8.8 ला जगेल असं नाही. जलसंपदा विभागाला वेगळं पत्र द्या: बर्गे टप्प्याटप्प्याने काढावेत, वरचे आधी, आणि आवर्तनाची सूचना संस्थेला दोन दिवस आधी मिळावी. माझ्या अनुभवात सगळ्यांत लवकर मान्य होते ती हीच मागणी, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि कुणाला गुन्हेगार ठरवावं लागत नाही.

भरपाईसाठी ठेक्याचा करार, बोटुकली (माशांची पिल्लं) सोडल्याच्या पावत्या आणि रोजच्या मासळीचं वजन या तीन गोष्टी आजपासूनच फाइलला लावा. यंदाचे मासे तुम्ही पुरून टाकले, ते बरोबर केलंत, बाजारात जाऊ दिले नाहीत हेही. फक्त पुढच्या वेळी पुरण्याआधी ग्रामसेवक किंवा तलाठी यांना बोलावून जातवार वजन करा, पंचनाम्यावर दोन बाहेरच्या माणसांच्या सह्या घ्या, आणि मगच खड्डा बुजवा. वर चुना टाकला तर तो नदीच्या पात्रापासून लांबच टाका. चुन्याने पीएच चढतो, आणि चढल्या पीएचला अमोनियाचं काय होतं ते वर आलंच आहे.